उन्हात न हललेला काटा

भावोजी, आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि मला काही अर्धवट ठेवायची सवय नाही. तुमच्या नि ताईच्या लग्नात, भर मांडवात, तुमच्या फेट्याची टाचणी वाकडी लागलीय असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा मी शाळेत होते. त्या दिवसापासून तुम्ही मला इन्स्पेक्टर म्हणायला लागलात, आणि पुढे मी खरोखरच तीच झाले. दुबईपलीकडे, फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टाक्यांचे आणि पाइपांचे जोड तपासते. कुठे चीर आहे, कुठे पोकळी आहे, कुठून गळतंय ते शोधते. "चुका काढायचा पगार घेणारी माझी एकुलती एक मेहुणी," अशी माझी ओळख तुम्ही चारचौघांत करून द्यायचात.

तुम्ही गेल्यापासून इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लोक तुमच्याबद्दल फार गोड लिहितायत. हसतमुख, दिलदार, सगळ्यांना धरून राहणारे. सगळं खरं आहे. मी मात्र काहीच लिहिलं नाही, कारण मला तुमचा राग आलेला होता आणि तुम्ही गेलात म्हणून तो उतरला नाही. उलट वाढला. भांडण चालू असताना असं मध्येच उठून जायचं असतं का?

आणि भांडण कशावरून, तर एका इंजिनावरून. खरं इंजिन नव्हे, पण खेळणंही नव्हे. ताईच्या हॉलमधल्या दिवाणाएवढं लांब, दोन माणसांना न उचलणारं, खऱ्या कोळशावर आणि खऱ्या वाफेवर चालणारं. मागे बसक्या डब्यांवर मुलं बसवून ओढून नेईल इतकी ताकद त्यात असणार होती. ब्लॅक फाइव्ह नावाच्या जुन्या इंग्रजी रेल्वे इंजिनाची लहान प्रतिकृती. तुमच्या तोंडी हे नाव इतक्या वेळा यायचं की तुमच्या मुलीने, सईने, लहानपणी शाळेत पाळीव प्राण्यावर निबंध लिहिताना तेच घातलं होतं.

ते तुमच्या डोक्यात कसं शिरलं ती गोष्ट मला पाठ आहे. दुबईत देऱ्यातल्या तुमच्या ऑफिसने, पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या ऑफिसने, तुम्हाला कामासाठी इंग्लंडला पाठवलं. रविवारी बरोबरचे लोक खरेदीला गेले आणि तुम्ही कुठल्याशा गावी, जुनी वाफेची इंजिनं चालवणाऱ्या हौशी मंडळींच्या फलाटावर जाऊन पोचलात. तिथे एक हिरवंगार, पितळ चमकवलेलं एक्स्प्रेसचं इंजिन उभं होतं आणि सगळी गर्दी त्याच्याभोवती. पलीकडच्या रुळावर एक काळं इंजिन होतं. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर. त्याचा ड्रायव्हर डबा उघडून सँडविच खात बसला होता. तुम्ही त्याच्याशी बोलत उभे राहिलात, त्याने तुम्हाला वर बोलावलं आणि हातात फावडं दिलं. तुम्ही परत आलात ते ताईसाठी चॉकलेट आणि स्वतःसाठी त्या इंजिनाच्या नकाशांची जाडजूड गुंडाळी घेऊन.

"काही इंजिनं नुसती पळायची," तुम्ही मला समजावलं होतं, "मोठ्या चाकांची, पॅसेंजर ओढणारी. काही नुसती ओझं ओढायची, छोट्या चाकांची, मालगाडीची. आणि काही दोन्ही करायची. मिक्स्ड ट्रॅफिक. त्यातलं हे सगळ्यात गुणी. सकाळी मासळी, दुपारी माणसं, संध्याकाळी कोळसा. ब्रिटनमध्ये वाफेचे दिवस संपले ना, तेव्हा अगदी शेवटपर्यंत हे कामावर होतं."

"म्हणजे सांगकाम्या," मी म्हटलं.

"सांगकाम्या नाही गं. ज्याच्यावर सगळं चालतं आणि फोटो दुसऱ्याचा काढतात, तो."

मला ती लांबसडक, नाकाडी एक्स्प्रेसची इंजिनं आवडायची, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. तुमच्या इंजिनाला नंबर कुठला द्यायचा यावरही आपलं एकमत झालं नाही. तुम्हाला त्या सँडविचवाल्याच्या इंजिनाचा हवा होता. मी म्हणत होते, तुमच्या गाडीचा दुबईचा नंबर टाका, निदान दंड कुठे पाठवायचा ते पोलिसांना कळेल. नंबराची पाटी अजून कोरीच आहे.

इंटरनॅशनल सिटीतल्या तुमच्या फ्लॅटमध्ये ते बनवणं शक्य नव्हतं. तिथे स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की एकाला फ्रिजचं दार उघडण्यासाठी बाहेर यावं लागतं. माझ्या भाड्याच्या व्हिलामागे एक शेड होती, एसी लावलेली, आधीच्या भाडेकरूने जिममधली यंत्रं ठेवलेली. ती तुम्ही बघितलीत आणि मग दर शनिवारी डोंगर ओलांडून माझ्याकडे यायला लागलात. कधीकधी उशीर व्हायचा, कारण वाटेत डोंगरातून नवी मालगाडी जाताना दिसली की तुम्ही गाडी कडेला घेऊन ती शेवटच्या डब्यापर्यंत बघायचात. ताई कधीच आली नाही. तिला इंजिनाचा राग नव्हता, तिला तेलाच्या वासाचा राग होता आणि तो वास तुम्ही घरी घेऊन जायचात.

त्या शेडमध्ये तुम्हाला बघायला मला आवडायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ऑफिसात तुम्ही दिवसभर फोनवर, हबीबी, ब्रदर, इन्शाल्ला टुमॉरो. शेडमध्ये मात्र तोंडातून शब्द नाही. एक खिळा घासायला बसलात की चहा गार व्हायचा. एसीतून गळणारं पाणी तुम्ही नळी लावून पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत साठवायचात, कारण त्या पाण्याने बॉयलरला आतून क्षारांचा थर धरत नाही. कोळसा पंपांच्या मालाबरोबर कंटेनरमधून मागवलात आणि पहिली आग लावायला शिशाचे, म्हणजे हुक्क्याचे, निखारे आणून ठेवलेत. "फुजैराचं इंजिन शिशावरच पेटणार ना," म्हणालात. बाबांच्या मागे मला वडीलधारं असं तुम्हीच होतात, पण तुम्ही वडीलधाऱ्यासारखे वागला नाहीत म्हणून मला ते कळायला वेळ लागला.

बॉयलर आपण दोघांनी केला. तांब्याचा. आत एक पेटी, जिच्यात आग असते, तिच्याभोवती दुसरी पेटी, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी. दाब वाढला की त्या पेट्यांचे सपाट पत्रे फुगून फाटायला बघतात, म्हणून दोन्ही पत्र्यांना धरून ठेवणाऱ्या तांब्याच्या कांड्या घालायच्या आणि चांदीच्या डागाने पक्क्या करायच्या. त्यांना स्टे म्हणतात. तांबं इतक्या पटकन उष्णता पसरवतं की एका गॅसच्या टॉर्चने डाग वितळत नाही. एक टॉर्च तुमच्या हातात, एक माझ्या. त्या वेळी मात्र तुम्ही मला चिडवायचा नाहीत.

मग तो शनिवार आला. मी सकाळची ड्यूटी संपवून घरी आले तर तुम्ही अंगणात उभे. बॉयलर शेडबाहेर काढून बाकावर ठेवलेला, त्याला हातपंप जोडलेला, दाब दाखवणारा गेज लावलेला. वाफ कोंडण्याआधी बॉयलर गार पाण्याने गच्च भरायचा, रोजच्या दाबाच्या दुप्पट दाब पंपाने चढवायचा आणि काटा उतरतो का ते बघत बसायचं, ही परीक्षा. पाण्याने बॉयलर फुटला तर कपडे भिजतात. वाफेने फुटला तर माणूस भाजतो. ही परीक्षा तुम्ही माझी वाट न बघता घेऊन टाकली होती.

"यल्ला इन्स्पेक्टर, पास म्हण. काटा बघ. कधीपासून बसलोय, केसभर हलला नाही."

मी बॉयलरला हात लावला. चटका बसला.

"पाणी कुठलं भरलंत?"

"आपलं एसीचं. सकाळी भरलं, मस्त गार होतं."

"आणि तेव्हापासून हे उन्हात आहे?"

"मग? आत केलं की सगळं ओलं होतं. शेरजमानला बोलावलं, दोघांनी उचलून बाहेर ठेवलं." शेरजमान म्हणजे पलीकडच्या व्हिलातला पठाण ड्रायव्हर. तो भिंतीवरून बघत होता.

"मग नापास," मी म्हटलं.

तुम्हाला वाटलं मी चेष्टा करतेय. मी करत नव्हते. बंद भांड्यात गच्च पाणी, आणि ते फुजैराच्या उन्हात तापतंय. पाणी तापलं की फुगतं, फुगलं की दाब चढतो. तो काटा वर जायलाच हवा होता. तो जागचा हलला नाही याचा अर्थ जेवढं पाणी फुगत होतं तेवढं कुठून तरी निघून जात होतं.

"तुमचा काटा हलला नाही ना, तीच गळती आहे, भावोजी."

"थांब, थांब. म्हणजे काटा पडला तरी नापास आणि नाही पडला तरी नापास?"

"उन्हात, हो."

"सगळे जॉइंट बघितलेत मी. ड्राय आहेत."

"थेंब आला असेल तरी तव्यावर पडल्यासारखा सुकला असेल. आतून बघितलंत? आगीच्या पेटीत?"

"आत काय बघायचंय? काटा हललाच नाही." मग तुमचा आवाज बदलला. "तुला पास करायचंच नाहीये. ऑफिसात करतेस तेच इथे. समोरचा माणूस कोण आहे, काही बघायचं नाही, नो म्हणायचं, खलास."

"पुढच्या शनिवारी सावलीत परत करू."

"पुढच्या शनिवारी मंडळाची पिकनिक आहे. मी प्रॉमिस केलंय पोरांना."

"मग प्रॉमिस मोडा."

मी मटकीची उसळ केली होती. तुम्ही न जेवता गेलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडून न जेवता कधी गेला नव्हतात, आणि शेरजमाननेही तोंड फिरवून घेतलं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पिकनिकला इंजिन आलं नाही, टेक्निकल कारण आहे असं ग्रुपवर आलं. मला तुमचा फोन नाही, माझा तुम्हाला नाही. मग आमच्या टर्मिनलवर शटडाऊन लागला. सगळं बंद करून आतून तपासायचं असतं, म्हणून आम्ही तिथल्याच खोल्यांत राहत होतो. त्यात एकदा तुमचा फोन आला. मी टाकीच्या आत होते. बाहेर येऊन परत लावला तर मागून सुपरवायझर हाका मारतोय.

"भावोजी, शटडाऊन चालू आहे. नंतर बोलू?"

"नंतर बोलू," तुम्ही म्हणालात. "इन्शाल्ला."

इथे इन्शाल्लाचा अर्थ कधीकधी आता होणे नाही असा असतो आणि तुम्ही तो शब्द नेहमी डोळा मारून वापरायचात. फोनवर डोळा दिसत नाही. तुम्हाला काय सांगायचं होतं ते मी विचारलं नाही. मग देऱ्याच्या ऑफिसात, दुपारच्या चहाला, खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात.

सगळे विधी आटोपल्यावर मी घरी आले आणि शेड उघडली. बॉयलर बाकावर नव्हता. तो इंजिनाच्या सांगाड्यावर बसवलेला होता, सगळ्या नळ्या जोडलेल्या. कोळशाचं पोतं उघडलेलं होतं. कोळसा सुपारीएवढा फोडून, चाळून, बादलीत भरून ठेवलेला. शिशाच्या निखाऱ्यांचं पाकीट कापलेलं. बाकावर चहाचा ग्लास.

मी शेरजमानला विचारलं.

"हां मॅडम, साब आया था. जब आप ड्यूटी पे थे. वो भारी वाला हम दोनों ने अंदर रखा. फिर साब सारा दिन अंदर बैठा. मैं चाय दिया."

"आग जलाया था?"

"वो नहीं मालूम. दरवाज़ा बंद था, एसी चलता था."

मी शेडमध्ये परत गेले आणि इंजिनासमोर उभी राहिले. आगीच्या पेटीचं दार बोटाने उघडतं. आत काजळी आहे की नाही हे बघायला बॅटरी पुरते. तपासणं हा माझा धंदा, आणि मी ते दार उघडलं नाही. शेड बंद केली, कुलूप लावलं आणि किल्ली डब्यात टाकली.

कारण मला काय हवंय तेच मला कळत नव्हतं. तुम्ही पेटवलं असेल, तर माझ्या पाठीमागे, मी नको म्हटलेलं असताना, बंद शेडमध्ये एकटे बसून तुम्ही एका गळक्या बॉयलरमध्ये वाफ कोंडली होतीत. अशा माणसाला मी कामावर दुसऱ्या दिवशी गेटमधून आत सोडत नाही. पण मग तुमच्या हातून ते एकदा तरी जिवंत झालं होतं. आणि पेटवलं नसेल, तर इतकी वर्षं शनिवार घालवून तुम्ही वाफ न बघता गेलात, आणि मध्ये उभी होते ती मी. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला चक्क वाटायचं की आत काजळी असू दे. कुणीतरी माझा नियम मोडलेला असावा असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

ताईला यातलं काही माहीत नव्हतं. तिचा इथला व्हिसा तुमच्या व्हिसावर, त्यामुळे तिला पुण्याला परत जाणं भाग होतं. मी तिच्याकडे खोकी भरायला गेले तेव्हा ती तुमचे शर्ट घड्या घालत होती.

"नीलू, जायच्या आधी एक करायचंय. त्याचं ते इंजिन एकदा चालू दे. मंडळातले लोक रूळ टाकतील म्हणाले, तुझ्या अंगणात. मुलांना घेऊन येतील. मी इतक्या वर्षांत बघायला नाही आले ना. एकदा बघते आणि जाते."

"आधी टेस्ट करावी लागेल, ताई."

"मग कर की. तुला कोण नाही म्हणतंय?"

"आणि नापास झालं तर?"

ताईने शर्ट खाली ठेवला. "आता कशाला नापास होईल?" ती म्हणाली, जणू तुम्ही गेल्यामुळे तांब्यालाही दया येणार होती.

शनिवारी सकाळी सगळे आले. अंगणात रूळ पडले, थर्मास आले, कुणीतरी वडापाव आणले. मुलं बसक्या डब्यांवर बसून आधीच शिट्ट्या मारत होती. शेडमध्ये आम्ही तिघी. ताई तुमच्या खुर्चीत, सई बाकाला टेकून. मी आदल्या दिवशीच एसीचं पाणी शेडमध्ये आणून ठेवलं होतं, म्हणजे पाणी, तांबं आणि हवा सगळं एकाच तापमानाला. वरची भोकं बुचं मारून बंद केली. माझा स्वतःचा गेज लावला. दार लोटून घेतलं आणि पंप मारायला सुरुवात केली.

काटा चढायला लागला. रोजचा दाब. मग त्याच्या वर. हात भरून आला तरी मी थांबले नाही. दुप्पट दाबावर पंप बंद केला, वॉल्व्ह आवळला आणि गेजच्या काचेवर काट्याच्या टोकापाशी मार्करने एक रेघ ओढली.

"नाऊ व्हॉट?" सईने विचारलं.

"आता बघायचं."

बाहेर मुलं ओरडत होती. ताई काट्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. भावोजी, तुमच्याशी मी कामाच्या गोष्टी खोट्या बोलले नाही, म्हणून आताही खरं सांगते. मी मनात म्हणत होते, हलू नकोस. हलला नाही तर मी चुकले, तुम्ही बरोबर, मी तुमचा आनंद विनाकारण अडवला, आणि हे मला जन्मभर वागवावं लागेल. तेही मला चालणार होतं. मी ते घ्यायला तयार होते.

काटा रेघेवरून सुटला. आधी वाटलं भास झाला. मग रेघ आणि काटा यांच्यामध्ये पांढरं दिसायला लागलं.

मी बाहेरून सगळे जोड बघितले. टिश्यू पेपर फिरवला, एकही ओला झाला नाही. उन्हाचा बहाणा आता नव्हता. राहिलं होतं ते आतलं, आगीच्या पेटीतलं. म्हणजे जे दार मी इतके दिवस उघडलं नव्हतं ते आता उघडणं भाग होतं. मी जमिनीवर आडवी झाले, एका हातात बॅटरी, एका हातात दात बघायला डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा, आणि आरसा आत घातला.

वरच्या कोपऱ्यातल्या एका स्टेपाशी थेंब होता. मी तो पुसला. तो परत आला. तिथला चांदीचा डाग तुमच्या टॉर्चचा की माझ्या टॉर्चचा हे मला सांगता येणार नाही, दोन्ही ज्वाळा तिथेच होत्या. मग मी आरसा फिरवला. चारही बाजूंचं तांबं स्वच्छ होतं, आपण धुऊन काढलं होतं तसंच. काजळी नाही, राख नाही, काळा डाग नाही. तिथे कधी काडीसुद्धा पेटलेली नव्हती.

मी तशीच पडून राहिले. शेडची एक किल्ली तुमच्याकडे होती. मी घरात नव्हते. कोळसा फोडून तयार, निखारे तयार, बॉयलर बसवलेला, पाणी तुमचं, शेड बंद, विचारणारं कुणी नाही. तुम्ही दिवसभर त्याच्यासमोर बसलात. माझं म्हणणं तुम्हाला पटलं नव्हतं, तुम्ही तसं माझ्या तोंडावर सांगून गेला होतात, आणि तरी तुम्ही माझ्या हो साठी थांबलात. त्या दिवशीच फोन केला होतात का? कधी येतेस, परत टेस्ट करू, एवढंच विचारायचं होतं का? भावोजी, एवढा मान मला कामावर कुणी दिलेला नाही. आणि तो देऊन तुम्ही मला सांगितलंही नाहीत, म्हणून तुमचा राग येतो, आणि तुमची इतकी आठवण येते की मला त्या जमिनीवरून उठवत नव्हतं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

मी उठले. "गळतंय. आत, एका स्टेला. चालवता येणार नाही."

"थोडंसंच ना? एक ड्रॉप?" सई म्हणाली. "मावशी, जस्ट रन इट ॲट हाफ प्रेशर. वन राउंड. हू विल नो?"

खरं म्हणजे अर्ध्या दाबावर बहुधा काही झालं नसतं. पण बहुधा या शब्दावर मी कधी सही केलेली नाही, आणि बाहेर डब्यांवर दुसऱ्यांची मुलं बसली होती. मी नाही म्हटलं.

ताई उभी राहिली. ती कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही. "तो गेला, नीलू. तो गेला तरी तू त्याला नापासच करणार?"

"हो," मी म्हटलं. "ताई, त्यांनी हे पेटवलेलं नाही."

"म्हणजे?"

"मी शटडाऊनला होते तेव्हा ते इथे आले होते. दिवसभर. सगळी तयारी करून ठेवलीय बघ, कोळसासुद्धा. किल्ली होती. मी नाही म्हटलं होतं म्हणून पेटवलं नाही."

"कशावरून?"

मी आरसा पुढे केला. ताईने तो घेतला. चांगल्या ड्रेसमध्ये, तेलाच्या वासात, ती शेडच्या जमिनीवर आडवी झाली आणि मी बॅटरी धरली. तिला आधी काही दिसेना. मग मी तिचा हात धरून आरसा वळवला. ती बराच वेळ बघत होती, आणि सई वाकून तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"किती स्वच्छ आहे," ताई म्हणाली.

मग ती उठली, ओढणीने डोळे पुसले आणि दार उघडून अंगणात गेली. मंडळातले लोक चहाचे कप खाली ठेवून तिच्याकडे बघायला लागले. मी मागे शेडमध्येच होते, वॉल्व्ह सोडून पाणी काढत होते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. नुसतं ऐकू आलं.

"आज चालणार नाही. नीलूने अजून हो म्हटलेलं नाही आणि अरविंदने तिला न विचारता ते पेटवलं नसतं."